मायक्रोस्कोपातली करंजी

कर्रर्र! दुपारच्या चिडीचूप घरात आवाज झाला. उंदीर म्हणावं, तर आवाज गादीवरून येत होता. आमची राजनंदिनी! झोपेत तांदळाएवढे दात अशी खाऊन राह्यली होती, जणू चक्कीत ज्वारी पडली. मी तिच्या गालावरून हात फिरवला.

"जंत झालेत पोरीला," सासूबाई दारातूनच म्हणाल्या. "वावडिंग दे."

"आत्याबाई, दात खाण्याचा अन् जंताचा काही संबंध नाही! अन् झालेच असतील, तर ते वाटूरहून आलेत."

वाटूरहून म्हणजे, तिथून माझी धाकटी जाऊ शीतल तिच्या पोराला, सुमितला घेऊन सणाला आली होती. त्या बिचाऱ्याला मी आल्या दिवसापासून वेगळ्या गादीवर घातलं होतं. शीतल स्वयंपाकघरात करंज्या तळत होती. झारा ठण्णकन आपटला.

"पुरावा दाखवा, ताई! न्हाई तर मी सांजच्या गाडीनं लेकराला घेऊन चालले."

प्राणिशास्त्राच्या मास्तरणीला पुरावा मागते! सुट्टीत दुरुस्तीला म्हणून आणलेला कॉलेजचा मायक्रोस्कोप मी खिडकीत मांडला. दोन्ही लेकरांच्या अन् सासूबाईंच्या नखांतला मळ वेगवेगळ्या काचांवर घेतला.

"तुमची अन् माझी बी घ्या की," शीतल म्हणाली.

घेतली! माझ्या काचेवर ओळखीला लाल टिकली चिकटवली.

"आता नीट ऐका. मोठ्या जंताचं अंडं तपकिरी, अंगभर उंचवटे, सीताफळासारखं. या बारीक सुतासारख्या जंताचं मात्र पारदर्शक. एक बाजू सपाट, एक फुगीर, आत अळी वेटोळं करून बसलेली. थेट करंजीच!"

अन् उदाहरणादाखल मी दोघींच्या हातात स्वतःच्या हातानं एकेक करंजी ठेवली. काय ती शिकवण्याची हातोटी!

सुमितची काच साफ. राजनंदिनीची साफ. सासूबाईंची तर आरसाच! शीतलचीही साफ. मी खट्टू झाले, तेवढ्यात शीतलनं उरलेली काच सरकवून डोळा लावला.

"ताई, करंजी!"

"बघा आत्याबाई! सुमितचीच ती, मघाशी माझ्या नजरेतून सुटली असणार..."

"टिकली हाय हिच्यावर."

मी डोळा लावला. सपाट बाजू. फुगीर बाजू. दुहेरी कवच. "छे! हवेचा बुडबुडा दिसतो असा."

"बुडबुडा आतून वळवळतो व्हय?"

सासूबाईंनी अर्धी खाल्लेली करंजी ताटलीत ठेवली अन् पदराला बोटं पुसली. "कुटू का गं वावडिंग तुझ्यासाठी?" इतक्या मायेनं विचारलं, की त्यापेक्षा थोबाडीत परवडली असती!

"सुमित," शीतल आत वळून गोड आवाजात म्हणाली, "आपण ऱ्हायचं हं इथं. फक्त मोठ्या मम्मीजवळ झोपायचं न्हाई."

एकाला जंत झाले, तरी सगळ्या घरालाच गोळी घ्यावी लागते, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण सांगायला तोंड कुठं उरलं होतं?

या गलक्यानं राजनंदिनी उठली. डोळे चोळत माझ्या मांडीवर चढली अन् तिनं नळीला डोळा लावला. तिच्या केसांना झोपेचा उबदार वास येत होता.

"मम्मी, आत बाळ हाय!"

"हो सोन्या."

"तुझ्या पोटातलं?"

सासूबाई अन् शीतल, दोघींचे पदर एकदम तोंडाला गेले.

"हो गं राणी."

तिनं पुन्हा नळीत पाहिलं, बराच वेळ, कौतुकानं. मंग माझा गळा धरून विचारलं,

"भाऊ हाय का बहीण?"