समस्त काकांचं एक माप

साठवणे आणि सापडणे ही दोन स्वतंत्र खाती असून त्यांचा एकमेकांशी फारसा संपर्क नसतो. माणसाने वस्तू ठेवावी ती ठेवल्याचं समाधान मिळावं म्हणून. नंतर ती मिळालीच पाहिजे असा हट्ट धरणारे लोक समाजात नेहमीच अप्रिय ठरले आहेत.

आमच्या गल्लीतल्या मास्तरांना (शाळेचे नव्हेत, कोट शिवणारे) हे शास्त्र उपजत अवगत होतं. गिऱ्हाइकांची मापं ते डोक्यात ठेवत. वय झालं तसं डोक्यातलं बाहेर येईना, आणि एका दादांच्या पँटचे दोन पाय दोन वेगळ्या माणसांच्या मापाचे निघाले. (दादा सज्जन. महिनाभर एका बाजूला झुकून चालले.) बातमी मास्तरांच्या मुलीपर्यंत पोचली. ती ब्राउझरमध्ये उघडणारी पानं लिहिते. तिने वडिलांना स्वच्छ सांगितलं की या हंगामात एक जरी माप चुकलं तर दुकान बंद, आणि बाबांनी तिच्याकडे येऊन आराम करायचा. आराम हा शब्द ऐकून मास्तरांची कात्री कापडातच थांबली. आराम करायला गेलेल्या माणसांचं पुढे काय होतं ते त्यांनी पाहिलं होतं.

मुलगी काही कठोर नव्हती. तिने दुकानातल्या संगणकावर मापांसाठी एक पान करून दिलं. ब्राउझरच्या पोटात म्हणे एक माळा असतो. कुठल्याही पानाने आपलं सामान तिथे टाकावं, फक्त प्रत्येक गाठोड्याला नावाची चिठ्ठी हवी. नाव सांगितलं की गाठोडं खाली येतं. यातला सर्वांत प्रगत भाग असा की ठेवून होईपर्यंत कोणी ताटकळत नाही. आपण गाठोडं पुढे करायचं, माळ्याने "होऊन जाईल" म्हणायचं आणि आपण पुढच्या कामाला लागायचं. प्रत्यक्ष ठेवणं मागाहून, सवडीने. हे ऐकून मास्तर हरखले. कापड घ्यायचं, "होऊन जाईल" म्हणायचं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायचं, याच तत्त्वावर त्यांचं दुकान हयातभर चाललं होतं. (विज्ञान आता कुठे त्यांच्यापर्यंत येऊन पोचलं.)

नियम एकच होता. एका नावाखाली एकच गाठोडं. त्याच नावाने दुसरं ठेवलं की पहिलं गुपचूप नाहीसं होतं, कसलीही कुरकुर न करता. मुलीने हे दोनदा बजावलं. दोन्ही वेळा मास्तरांच्या तोंडात टाचण्या होत्या, आणि तोंडात टाचण्या असलेला माणूस फक्त मान हलवू शकतो.

अडचण तशी किरकोळ होती. मास्तरांना कोणाचंच नाव माहीत नव्हतं. त्यांच्या लेखी गल्लीतली माणसं म्हणजे काका, काकू, मावशी, ताई, दादा आणि आजोबा. जिला वर्षानुवर्षं काकू म्हटलं तिला आता "आपलं नाव काय" विचारायचं, एवढा उद्धटपणा त्यांच्यात नव्हता. त्यांनी नावाच्या चौकटीत "काकू" लिहिलं, माप लिहिलं, बटण दाबलं. पडद्यावर हिरव्या अक्षरांत उमटलं: जतन झालं. पुढच्या काकू आल्या. जतन झालं. अशा रीतीने थंडीच्या तोंडावर आमची अख्खी गल्ली सहा मापांत बसली. काकूंपैकी सगळ्यात शेवटी आल्या त्या पोहायला शिकवणाऱ्या, ज्यांना दारातून आत येताना खांदे तिरके करावे लागतात. काकांपैकी शेवटी आले पोस्टमन, जे स्वतःच्या सायकलमागे उभे राहिले तर दिसत नाहीत.

मी काका या सदरात मोडतो. माझं चपलांचं दुकान आहे. बसून काम आहे, आणि ते पोटावर दिसतं.

कोट घ्यायला गेलो त्या दिवशी मुलगी तपासणीला आली होती. बाह्या गेल्या, पाठ कशीबशी गेली, पण बटण आणि काज यांची भेट होण्याची चिन्हं दिसेनात. मास्तरांनी संगणकात "काका" लिहिलं, आलेला आकडा वाचला, मग माझ्या पोटाकडे पाहिलं. पोट समोर होतं आणि आकडा पडद्यावर होता. मास्तरांनी कोणावर विश्वास ठेवला हे सांगायला नको.

"काका, तुम्ही वाढलात हो," ते म्हणाले. पण आवाज बारीक झाला होता, आणि हातातली टेप ते उगाच गुंडाळत होते.

मुलगी उठून जवळ आली. "काका, खरं सांगा. बाबांचं माप चुकलंय का? चुकलं असेल तर मी आजच कुलूप लावते."

मला फार वाईट वाटलं. त्याच टेपने मास्तरांनी माझ्या लग्नाच्या कोटाचं माप घेतलं होतं. मी पोट पाठीला टेकवलं आणि बटण लावलं. "अगदी मापात आहे," एवढं बोललो आणि श्वास न सोडता बाहेर पडलो.

माझ्या मागे ग्रंथालयातल्या काकू उभ्या होत्या. मूठभर बाई. त्यांनी हे सगळं पाहिलं, कोटात शिरल्या, जवळजवळ दिसेनाशा झाल्या आणि आतून म्हणाल्या की ऐसपैसच हवा होता. दुसऱ्या दिवसापासून त्या दोन्ही खांद्यांत टॉवेल भरून कामावर जाऊ लागल्या. मी रात्रीचं जेवण सोडलं. कोट जमिनीवर लोळू नये म्हणून एक मावशी उंच टाचांचे बूट घेऊन गेल्या (माझ्याच दुकानातून, त्यामुळे मला तक्रार नाही). हंगामभरात मास्तरांकडे गाऱ्हाणं आलं ते एकच, पोहायला शिकवणाऱ्या काकूंचं. त्यांचा कोट अचूक बसला होता. त्यांना बटणांचा रंग आवडला नाही.

हंगामाअखेरचा अहवाल मुलीने स्वतः काढला. चुकलेली मापं, एकही नाही. दुरुस्त झालेली गिऱ्हाइकं, जवळजवळ सगळी. दुकान सुरू राहिलं, मास्तरांच्या तोंडात टाचण्या परत आल्या, आणि मुलीच्या पानाला चहूकडून मागणी आली. आता आमच्या दवाखान्यात सर्व काकांचा रक्तदाब एकच आहे आणि तो उत्तम आहे. बँकेत एका आजोबांची सही आता सगळ्या आजोबांना हुबेहूब करता येते.

तुम्ही हसताय. मागे एकदा तुमचा पत्ता पडद्यावरच्या चौकटीत मावेना, तेव्हा तुम्ही गल्ली गाळलीत. तरी मावेना, तेव्हा घरही गाळलंत. मग हिरवी अक्षरं उमटली आणि तुम्हाला बरं वाटलं. अशा तयार गिऱ्हाइकांची मास्तरांना गरजच आहे. कोट हवा असेल तर नुसता निरोप पाठवा, माप द्यायला येण्याची तसदी घेऊ नका. तुम्ही काका, काकू, मावशी, ताई, दादा, आजोबा यांतलं काहीतरी असालच. तुमचं माप तिथे आधीच जतन झालेलं आहे.