करपलेल्या मक्याची बिअर

मोड आलेला मका चुलीवर वाळत घालून सिरिलोने व्हायोलिन हातात घेतलं, तिथेच घात झाला. सूर लागेना, म्हणून त्याने डोळे मिटले. डोळ्यांबरोबर नाकही मिटलं असावं. कारण घर धुराने भरलं तरी स्वारी खुंट्या पिळतच होती.

"दाजी, कोळसे पाडायचा धंदा काढलात काय?" दारातून मेहुणी लुपे खोकत ओरडली.

तिच्यामागोमाग शेळ्या कोंडून बायको मार्तिना आत आली. तव्यावर वरवरचा मका तेवढा वाचला होता, खालचा काळाठिक्कर.

"अहो, ऊन नाही म्हणून चुलीवर वाळवा म्हटलं होतं मी. जाळा नव्हतं म्हटलं!"

सिरिलोच्या खालच्या शेताचा दगडी बांध ढासळला होता. पावसाआधी तो उभा राहिला नाही, तर माती थेट दरीत जाणार आणि घरादाराने वर्षभर दगड चावायचे. बांध एकट्याच्याने होत नाही, त्याला शेजारी लागतात. आणि शेजाऱ्यांना मक्याच्या बिअरचा भरला रांजण लागतो. पैसे देऊ केले तर उलट रागावतील.

"चुनेलला माघारी बोलवू या," सिरिलो म्हणाला. मेहुणा सकाळीच आमंत्रणं घेऊन पळत सुटला होता.

"कोण बोलावणार? हरणाला दमवतो तो," लुपे म्हणाली. "त्याला गाठायला दुसरा चुनेलच पाहिजे."

नवा मका भिजवून मोड यायला वेळ नव्हता. मार्तिनाने दातओठ खात चांगलं-करपलेलं सगळं एकत्र पाट्यावर वाटलं, दिवसभर उकळलं, रानगवताचं बी घालून रांजणात आंबायला ठेवलं. नवऱ्याशी बोलणं बंद. आमंत्रणाच्या दिवशी सिरिलोने रांजणात डोकावून पाहिलं, तर बिअर इतकी काळीकुट्ट, की तिच्यात त्याचंच घाबरलेलं तोंड दिसत होतं.

पाहुणे आले. त्यांच्यात सगळ्यात म्हातारे व्हेंतुरा आजोबा. त्यांनीही रांजणात डोकावलं, मग आभाळाकडे पाहिलं.

"आधी कामाचं बघू, काय?"

"हो, हो, आधी काम!" सगळे एका सुरात म्हणाले.

एरवी आधी बिअरचे दोन तुंबे आणि मग दगड, अशी पद्धत. त्यानंतर दगड कुठे बसतो ते दगडालाच ठाऊक. पण पुढे केलेला तुंबा नाकारणं म्हणजे यजमानाचा अपमान. तेव्हा वाचायचं असेल तर हातातलं काम सोडायचं नाही, एवढाच मार्ग उरला. माणसं इरेला पेटली. दुपारपर्यंत बांध उभा राहिला, तोही ओळंब्यात. मग कुणी न सांगता शेळ्यांचं कुंपण झालं. एकाने तर लाकडंही फोडून दिली. शेवटी करण्यासारखं काहीच उरलं नाही.

व्हेंतुरा आजोबांनी रीतीप्रमाणे चारी दिशांना देवाचा वाटा शिंपडला. या वेळी देवाला जरा जास्तच मिळालं. मग डोळे मिटून त्यांनी एक घोट घेतला.

सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"अरे," आजोबा म्हणाले, "हे तर पिनोलेसारखं, भाजल्या मक्याच्या पिठासारखं खमंग लागतंय! आण दुसरा!"

रांजण तळापर्यंत रिकामा झाला. सिरिलोने बांधाकडे पाहिलं आणि त्याचे डोळे भरून आले. या माणसांनी त्याचं शेत वाचवलं होतं.

"मतेतेरा," तो म्हणाला. आभाराचा तेवढा एकच शब्द.

"आभार राहू दे," आजोबा म्हणाले. "पुढच्या साली माझा बांध आहे. त्याला ही काळीच बिअर पाहिजे. मका तू भाजायचा."

पुढच्या साली आजोबांचा मका आला, तेव्हा सिरिलो आंघोळ करून, नवा सदरा घालून चुलीपुढे बसला. उपकाराची फेड होती ती. त्याने व्हायोलिनला हात लावला नाही, पापणी लववली नाही. प्रेमाने दाणा न् दाणा उलटला.

मार्तिना आत आली. तव्यावर मका कसा सोन्यासारखा पिवळाधमक वाळला होता.

तिने कपाळावर हात मारला.

"अहो, एक काम धड येत नाही तुम्हाला!"