दांडीवर दोन टॉवेल

टेलरची लेक सकाळी आठ वाजता गाडी घेऊन येणार होती, आणि या खेपेला बापाला घेतल्याशिवाय परत जाणार नाही, असं तिनं फोनवर तीनदा बजावलं होतं.

"बाबा, सत्तरी उलटली तुमची. परवा शिडीवरून पडलात. आता आणखी एक भानगड कानावर आली, की मी काही ऐकायची नाही. सरळ माझ्याकडे शहरात यायचं."

टेलरला गाव सोडायचं नव्हतं. शहरात लेकीकडे सगळं होतं, पण तिथं त्याचा मित्र पोस्टमन नव्हता. म्हणून तो पहाटेच उठून कामाला लागला. घरात खोट काढायला जागाच ठेवायची नाही! त्यानं अंगण झाडलं, भांडी लावली आणि आदल्या दिवशी काठ शिवायला आणलेला पोस्टमनचा टॉवेल शिवून, धुऊन, आपल्या टॉवेलाशेजारी दांडीवर टाकला. झालं, सगळा घोळ इथंच सुरू झाला.

त्याचं असं, की पोस्टमन राहायचा कालव्यापलीकडे. दोघं शाळेत एका बाकावर बसलेले, आता दोघांच्याही बायका गेलेल्या. एकट्यानं राहायचं तर रोज कुणीतरी विचारायला हवं ना, की बाबा रे, आहेस का? म्हणून दोघांनी एक कायदा केला. सकाळी सातला अंगणातल्या दांडीवर एक टॉवेल टाकायचा, म्हणजे मी ठणठणीत आहे. टॉवेल नसला, तर काहीतरी गडबड आहे. आणि दोन टॉवेल दिसले, तर असशील तसा धावत ये. सहा वर्षांत या कायद्यात एकदाही चूक झाली नव्हती.

पोस्टमनकडे धड टॉवेल एकच, तोही टेलरकडे. टेलरला ते ठाऊक आहे, असं समजून त्यानं त्या दिवशी दांडी रिकामीच ठेवली. आता टेलरला ते ठाऊक असायला हवं होतं, हे खरं. पण कपडा शिवून झाला की तो कुणाचा हे साफ विसरायचं, हा त्याचा धंद्यातला जुना गुण होता. गावातल्या निम्म्या लोकांनी निम्म्या लोकांच्या विजारी घातल्या होत्या त्या याच गुणापायी.

सातला टेलरनं पलीकडे पाहिलं. दांडी रिकामी! हाताला लागेल ते पायात घालून तो पुलाच्या रस्त्यानं पळत सुटला.

त्याच वेळी पोस्टमननं अलीकडे पाहिलं. दोन टॉवेल! त्यातला एक आपलाच आहे, हे मोतीबिंदूच्या डोळ्यांना कालव्यापलीकडून कुठलं दिसायला? तो तसाच निघाला. रेडिओ चालू राहिला, दार ओढताच खटक्याचं कुलूप लागलं, किल्ली आत राहिली. तीस वर्षं टपाल वाटलेला माणूस, त्याला आडवाटा पाठ. तो कालव्यातल्या दगडांवरून आला. म्हणजे दोघंही एकमेकांना वाचवायला धावत होते, फक्त वेगवेगळ्या वाटांनी.

टेलरनं पोस्टमनचं दार बडवलं. आत रेडिओवर बाई हवामान सांगत होती, पण पोस्टमनचा आवाज नाही.

"अरे लेका, ओ दे रे!" टेलर रडकुंडीला आला. मग त्यानं शेजारच्या सुताराला हाक मारली. सुतारही त्यांच्याच बाकावरचा, पण तिसरा. आपल्याला या टॉवेलांच्या कायद्यात घेतलं नाही, याचा राग तो सहा वर्षं गिळून होता.

"कुलूप काढू, की दार तोडू?" त्यानं विचारलं.

"लवकर होईल ते कर!"

सुतारानं पहार घातली. दार गेलं, चौकटही गेली. आत कुणीच नव्हतं.

इकडे टेलरच्या दाराशी पोस्टमन पोहोचला, तर दार सताड उघडं. उंबऱ्याशी एक चामडी चप्पल आणि एक रबरी स्लीपर, दोन्ही डाव्या पायांच्या. पोस्टमननं त्याकडे पाहिलं, मग परसातल्या विहिरीकडे पाहिलं आणि गळाच काढला. चार माणसं जमली. कुणीतरी गळ आणून विहिरीत सोडला. तीन हरवलेल्या बादल्या वर आल्या.

"अजून खाली सोडा!" पोस्टमन ओरडला.

नेमक्या याच वेळी लेकीची गाडी दारात थांबली. परसात गर्दी, विहिरीत गळ, आणि पोस्टमनकाका बाबांची चप्पल छातीशी धरून रडतायत! तिनं किंकाळी फोडली. तेवढ्यात दोन्ही उजव्या पायांची पायताणं घातलेला तिचा बाप लंगडत आला आणि मागून खांद्यावर पहार घेतलेला सुतार.

"कुठं मेला होतास?" पोस्टमन ओरडला.

"मी? तू कुठं होतास, गाढवा?" असं म्हणून टेलरनं त्याला जी मिठी मारली, ती सोडेचना.

मग टॉवेलांचा उलगडा झाला. लेक पायरीवर बसून सगळं ऐकत होती.

"आमच्या मजल्यावर आठ घरं आहेत," शेवटी ती म्हणाली. "पण टॉवेल दिसला नाही म्हणून असं धावत कुणी येणार नाही."

"मग राहू का इथं?" टेलरनं हळूच विचारलं.

"काकांच्या घराला दार बसेपर्यंत राहा. तोवर काका इथं राहतील, तुम्हाला सोबत होईल. पण दार बसलं की मी न्यायला आले! सुतारकाका, किती दिवस लागतील?"

सुतारानं दाढी खाजवली. टेलरनं लेकीच्या पाठीमागून त्याला हात जोडले.

"लाकूड मुरायला हवं," सुतार म्हणाला. "सहा महिने तरी."

आपल्या लग्नातलं कपाट याच काकांनी चार दिवसांत केलं होतं, हे लेकीला चांगलं आठवत होतं. पण ती म्हणाली, "बरं." जाताना तिनं बापाला दम भरला, "त्या कायद्यात सुतारकाकांनाही घ्या आजपासून."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला टेलरनं सवयीनं आपला टॉवेल दांडीवर टाकला. पोस्टमननंही सवयीनं आपला त्याच दांडीवर टाकला. मग दार लावून दोघं चहा पीत बसले.

पाचव्या मिनिटाला दार चौकटीसकट आत आलं. मागे पहार घेऊन सुतार उभा होता, घामाघूम.

"दोन टॉवेल दिसले!" तो म्हणाला. मग त्यानं दोघांच्या हातातले कप पाहिले, आडवं पडलेलं दार पाहिलं आणि खाली मान घातली.

टेलरनं लेकीला फोन लावला. सगळं ऐकून ती इतकी हसली, की तिला ठसका लागला.

"सुतारकाकांना विचारा, आता किती दिवस?"

"दोन दारं झाली पोरी," सुतार मागून ओरडला. "वर्ष धर!"

"घाई करू नका म्हणावं," लेक म्हणाली.

सुतारानं पहार कोपऱ्यात ठेवली आणि स्वतःसाठी तिसरा कप घेतला.