डावा गुडघा तुलनेसाठी

खासनीस साहेब रोज सकाळी बाल्कनीत खुर्ची टाकून बसतात आणि गुडघ्याला तेल चोळतात. एकाच गुडघ्याला. उजव्या. डावा तसाच कोरडा.

"डावा दुखत नाही का?" मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं होतं.

"दोन्ही सारखेच दुखतात."

"मग?"

"डावा तुलनेसाठी ठेवलाय. दोन्हींना तेल लावलं आणि बरं वाटलं, तर ते तेलामुळे की थंडी सरल्यामुळे, हे कसं कळणार जाधव?"

जुईनगरच्या आमच्या सोसायटीत ते तिसऱ्या मजल्यावर राहतात, मी दुसऱ्या. म्हणजे हा गुडघा माझ्या डोक्यावर राहतो.

त्यांचं काम ऐकलंत तर गुडघ्याचं नवल वाटणार नाही. नवे धंदे उभे राहावेत, त्या भागात चार पैसे खेळावेत म्हणून सरकार योजना काढतं. कुणाला यंत्रासाठी अनुदान, कुणाला प्रशिक्षण, कुणाला स्वस्तात गाळा. मग त्या योजनेचा खरंच उपयोग झाला का, हे तपासायला एक माणूस नेमतात. तो माणूस म्हणजे खासनीस. अधिकारी छाती फुगवून सांगतात की बघा, योजनेमुळे किती कारखाने सुरू झाले. खासनीस चष्मा पुसतात आणि विचारतात, "योजना नसती तर?"

हा प्रश्न नोकरीपुरता राहिला असता तर माझी काही तक्रार नव्हती. पण तो त्यांच्या अंगात भिनला. माझ्या पुतणीच्या साखरपुड्यात आम्ही मध्यस्थांना शाल देत होतो. स्थळ त्यांनी सुचवलं होतं. शाल अर्धी खांद्यावर गेली असेल, तेवढ्यात मागून आवाज आला, "मुलगी महाप्याला नोकरीला, मुलगाही महाप्याला, एकाच इमारतीत. यांनी सुचवलं नसतं तर?"

नवरा-नवरी दोघंही एकदम सतरंजीकडे बघायला लागली. मध्यस्थांनी मात्र उरलेली शाल स्वतःच्या हाताने ओढून घेतली.

सोसायटीतल्या मांजरांनाही त्यांनी सोडलं नाही. स्वतः पक्के शाकाहारी, पण दर रविवारी बाजारात बेबीताईकडून सुकट घ्यायचे. बेबीताई खाडीकाठच्या गावातली, मासळी सुकवून पाकिटं भरून विकते. माझ्याकडून खोके घेते, म्हणून माझी ओळख. तर खासनीस एका मांजराला सुकट घालायचे आणि दुसऱ्याला दूधपोळी. हे दुसरं तुलनेसाठी. काही दिवसांनी दोन्ही मांजरं सारखीच गलेलठ्ठ. चौकशीअंती कळलं की दूधपोळीवालं मांजर पहिल्या मजल्यावर जाऊन तळलेले बोंबील खाऊन येत होतं. खासनीस हताश होऊन म्हणाले, "तुलना बिघडली." त्या मांजराकडे त्यांनी जसं पाहिलं, तसं मी फक्त बुडव्या गिऱ्हाइकाकडे पाहतो.

बेबीताईलाही सरकारी योजनेतून सुकवण्याचं यंत्र मिळालं होतं आणि तिची तपासणीही यांच्याकडेच होती. तिने विक्री सांगितली तर हे म्हणाले, "त्यातून माझी सुकट वजा करा. मी तपासायला आलो नसतो तर ती विकली गेली नसती."

"अरे द्येवा," बेबीताई म्हणाली, "तुमची मांजरा पन सरकारी हायेत काय?"

आता माझ्याबद्दल. मी सांगलीकडचा. तळोज्याच्या कारखान्यांबाहेर फेकलेले खोके सायकलवर गोळा करून विकायचो. तिथून सुरुवात करून आज महाप्याला माझा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा गाळा आहे. भाव केल्याशिवाय मी कुठली वस्तू घेत नाही आणि चिडल्याशिवाय कुठली विकत नाही. खासनीसांचं नेमकं उलटं. भाजीवाला सांगेल तो भाव देतात. म्हणून रविवारी मी त्यांना बाजारात सोबत घेऊन जायचो, म्हणजे त्यांच्या वांग्यांचाही भाव मीच करायचो. मी भांडून भाव खाली आणला की हे भाजीवाल्याला शांतपणे विचारायचे, "हे नसते तर मला कितीला दिली असतीस?" भाजीवाला माझ्याकडे बघत वांगी पिशवीत भरायचा. वर जाताना माझ्याकडे चहा. असं छान चाललं होतं.

मग मला योजनेतून यंत्रावर अनुदान मिळालं. तपासणीला नाव निघालं खासनीसांचं. त्यांनी कार्यालयात सांगितलंही की जाधव माझे शेजारी आहेत, दुसऱ्याला पाठवा. दुसरा माणूस नव्हता. मग ते गाळ्यावर आले. मी चहा मागवला.

"चहा नको. आज मी शेजारी नाही," ते म्हणाले आणि खोक्यावर बसले. "अनुदान मिळालं नसतं तर हे यंत्र घेतलं असतं?"

आता मला सांगा, माझ्या गाळ्यात, माझ्या कामगारांसमोर, मला कुणी विचारतंय की तुला जमलं असतं का? माझं डोकं फिरलं.

"घेतलं असतं म्हणजे?" मी म्हणालो. "तळोज्याहून जुनं यंत्र उचललं असतं! सासऱ्याला गहाण ठेवलं असतं! जाधव कुणाच्या अनुदानासाठी थांबतो काय?"

"बरं," खासनीस म्हणाले आणि लिहून घेतलं.

योजनेतून उभ्या राहिलेल्या धंद्यांची एक चकचकीत पुस्तिका निघणार होती. फोटो काढून झाला होता. त्यासाठी मी वाशीला जाऊन कोट घेतला होता. दुकानदार घाम पुसेपर्यंत भाव केला होता. सांगलीला सगळ्या नातेवाइकांना कळवलं होतं. पुस्तिका आली. बेबीताईचं पूर्ण पान. ताजी, हसरी, हातात सुकटीचं पाकीट. माझं पान नाही. चौकशी केली तर कळलं, योजनेने ज्यांच्यात फरक पडला त्यांनाच पान. खासनीसांच्या अहवालात माझ्या नावापुढे फरक म्हणून लिहिलं होतं शून्य.

मी त्यांना लिफ्टपाशी गाठलं.

"शून्य? मला शून्य?"

"तुम्हाला नाही. योजनेला. तुम्ही तिच्याशिवायही उभे राहिला असतात."

"पण ते माझ्या नावापुढे आहे!"

"तो तक्ता तसाच असतो जाधव."

"चाळीस टक्के लिहा."

"अहो, तुम्हीच म्हणालात…"

"पंचवीस. शेवटचं. शेजारी म्हणून."

"अहवालात भाव करता येत नाही."

लिफ्ट आली. मी जिन्याने गेलो. आणि त्या दिवसापासून मी खासनीसांशी बोलणं बंद केलं. बायको म्हणाली, "अहो, त्यांनी तर तुमचं कौतुकच केलंय." कौतुक असं असतं? कौतुकाला पान असतं, फोटो असतो. कोट कपाटात लटकतोय आणि कौतुक सरकारी कपाटात!

रविवारी बाजारात मी एकटा जायला लागलो. खासनीस दिसायचे, पिशवी घेऊन, भाजीवाल्यांच्या गराड्यात. भाजीवाले त्यांना अशा हाका मारायचे जशा लग्नात नवरदेवाला मारतात. माझे हात शिवशिवायचे, पण मी पुढे निघून जायचो. शून्य म्हणजे शून्य. घ्या आता वांगी पूर्ण भावाने.

बरेच महिने गेले. मग एका रविवारी बेबीताईने मला हाक मारली.

"शेट, तुमचा म्हातारा का येत नाय? दोन इतवार झाले. मी त्याची सुकट बाजूला काढून ठेवते नि परत इकते."

"माझा कोण म्हातारा? मला काय माहीत," मी म्हणालो.

"वरच राहतो ना तुमच्या? डोक्यावर बसलाय नि माहीत नाय?" मग तिने सुकटीचं पाकीट माझ्या पिशवीत टाकलं. "नेऊन द्या. पैशे नको. नि शेट, त्याला कोन हाय हो, तुमच्याशिवाय?"

वाटेत मी तिलाच शिव्या घातल्या. जिना चढताना खासनीसांना घातल्या. दुसऱ्या मजल्यावर थांबलोही. मग वर गेलो.

दार उघडंच होतं. खासनीस बाल्कनीत खुर्चीवर बसले होते. डावा पाय स्टुलावर, गुडघा सुजून लालबुंद. दोन्ही मांजरं स्टुलाखाली.

"काय झालं?"

"डावा धरला. लिफ्टपर्यंतही चालवत नाही." मग जरा समाधानाने म्हणाले, "म्हणजे तेलाचा उपयोग होतो, जाधव. सिद्ध झालं."

"मग लावा ना डाव्याला!"

"एकदा लावलं की तुलना संपली."

मी कपाळावर हात मारून घेतला. सुकटीचं पाकीट टेबलावर आपटलं. दोन्ही मांजरं बाहेर आली. खासनीसांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"तुम्ही बोलायचं थांबलात," ते म्हणाले. "मी तसं काही योजलं नव्हतं. पण आयती तुलना मिळाली. जाधव असताना, जाधव नसताना."

मी भाव करणारा माणूस आहे, चेहरा हलू देत नाही. "मग? काय निघालं? शून्य?"

"फरक आहे."

"किती?"

"भाजीचा खर्च बराच वाढला. तो मांडून ठेवलाय."

"आणि बाकी?"

खासनीस खाली रस्त्याकडे बघत राहिले. कुणीतरी टेम्पो मागे घेत होतं. टेम्पो गेला तरी ते तिकडेच बघत होते.

"बाकीचं मोजलं नाही," ते म्हणाले.

आयुष्यभर दुसऱ्यांचे गाळे, यंत्रं, मांजरं मोजत फिरलेला माणूस. मी टक्का विचारणार होतो. चाळीसला सुरुवात करावी असं ठरवलंही होतं. पण राहू दिलं.

आजही माझं म्हणणं आहे की ते शून्य चूक होतं, आणि पुस्तिकेची दुसरी आवृत्ती निघाली तर मी पान घेतल्याशिवाय सोडणार नाही. पण तो विषय मी त्या दिवशी काढला नाही. कठड्यावरची तेलाची बाटली उचलली, स्टुलाशेजारी खाली बसलो आणि तळहातावर तेल घेतलं.

"पाय सरळ करा."

"अहो जाधव, पण तुलनेसाठी काही तरी…"

"तुलनेसाठी माझे आहेत ना दोन," मी म्हणालो. "खालच्या मजल्यावर. कोरडे."

खासनीसांनी थोडा विचार केला. मग पाय सरळ केला.