फेरी क्रमांक सात आणि एका काठीचा अर्ज

विषय: काउंटीच्या शरद पदयात्रेची काठी मिळणेबाबत.

संदर्भ: १) पत्नीचा तोंडी आदेश, स्वयंपाकघर, दि. ३ नोव्हेंबर. २) पार्क विभागाचा नियम ७(ब).

(दुसरा संदर्भ मला वेळेवर आठवला असता तर हे निवेदन लिहिण्याची पाळी आली नसती.)

मी, व्हर्नन स्ट्यूबी, टॅमरॅक काउंटीच्या पार्क विभागात चौतीस वर्षं नोंदी ठेवून जूनमध्ये निवृत्त झालो. या चौतीस वर्षांत पार्कात पाय ठेवण्याची वेळ माझ्यावर कधी आली नाही. पार्क माझ्याकडे यायचं, फायलीतून.

आमच्या काउंटीत दर शरद ऋतूत पार्कातली एखादी वाट चालून अर्ज भरला की पहिल्या वर्षी लाकडी काठी मिळते आणि पुढे दर वर्षी त्या काठीवर ठोकायला एक पितळी बिल्ला. इथे माणसाची किंमत काठीवरून होते. माझी बायको आर्लीन हिच्या काठीवर एकोणीस बिल्ले आहेत. दर मंगळवारी काठीवाल्यांचा जथा जोडीजोडीने रानात जातो, बिनकाठीवाल्याला त्यात प्रवेश नाही. आर्लीनची जोडीदारीण मेव्हिस लेकीकडे अॅरिझोनाला राहायला गेली आणि प्रकरण माझ्यापर्यंत आलं.

"मंगळवारसाठी मला जोडीदार हवा," आर्लीन म्हणाली.

"बघ कुणीतरी," मी वर्तमानपत्रातून म्हणालो.

"बघितला. लाइल तयार आहे."

वर्तमानपत्र खाली आलं. लाइल प्रोखनाऊ म्हणजे आमच्या गल्लीतला विधुर. वय एकाहत्तर, बिल्ले बावीस, दात सगळे स्वतःचे. तो जिना चढतो तेव्हा फक्त जिन्याचा आवाज येतो. मी चढतो तेव्हा खालच्या खोलीतल्या माणसाला वाटतं की वर कुणीतरी अक्रोड फोडतंय.

"आणि मी काय करायचं?"

"तुझ्याकडे काठी आहे?"

"मिळवीन!"

"व्हर्न, तू फ्रिजपर्यंत जातोस तेव्हा मध्ये खुर्चीवर विसावा घेतोस."

झालं. मी त्याच क्षणी जाहीर केलं की नोव्हेंबर संपायच्या आत काठी आणीन. एकट्याने. (हा 'एकट्याने' कुणीही मागितला नव्हता. तो मी आपणहून वाढला.)

काठीसाठी सोपी वाट चालत नाही, निदान 'मध्यम' लागते. माहितीपत्रकातून मी फेरी क्रमांक सात निवडली. दाट झाडीतली गोल वाट, तीन मैल, मध्यम. ती निवडण्यामागे खास कारण होतं. तिला 'मध्यम' मीच ठरवलं होतं. फार पूर्वी रेंजरने तक्त्यात सातव्या वाटेसमोरचा रकाना कोरा सोडला आणि तो रजेवर गेला. 'सोपी' खाली दहा वाटा झाल्या होत्या, 'अवघड' खाली दहा. मधला रकाना अगदीच ओकाबोका दिसत होता. मी सातवी तिथे घातली. तक्ता कसा भरल्यासारखा दिसू लागला. जी वाट मी खुर्चीत बसून ठरवली ती काय माझं वाकडं करणार?

तेवीस नोव्हेंबरला आर्लीनने मला पार्कात सोडलं. हरणांच्या शिकारीचे दिवस होते. पार्कात बंदी असली तरी गोळीला हद्द वाचता येत नाही, म्हणून तिने आपलं भडक नारिंगी जाकीट माझ्या कोटावर चढवलं. ते माझ्या पोटाशी आलं आणि थांबलं.

"बटणं लागत नाहीत," मी म्हणालो.

"श्वास सोड."

"सोडला."

"मग राहू दे. पुढून तुला कुणी हरीण समजणार नाही. बारा वाजता येते. पिवळ्या खुणा बघत जा, आणि व्हर्न, लाज वाटली तरी मागे फिर."

दहा वाजता मी निघालो. पहिल्या पाचशे पावलांतच वाट उभी चढू लागली. ओकच्या पानांचा घोट्याइतका थर, त्याखाली मुळं, मुळांखाली दगड. हिला मध्यम म्हणणारा माणूस कोण, त्याला इथे आणून उभा करायला हवा, असं मी मोठ्याने म्हणालो. मग तो इथेच उभा आहे हे लक्षात येऊन गप्प बसलो.

टेकडीच्या माथ्यावर एक बाक होता. मी त्यावर बसलो (खरं म्हणजे पडलो). तेवढ्यात पिकल्स नावाचा लठ्ठ बीगल कुत्रा आणि त्याच्या मागून सत्तरीच्या विल्मा क्रेनिंग बाई आल्या. डॉक्टरांनी सांगितल्यामुळे त्या रोज हीच फेरी तीन वेळा घालतात.

"छान दिवस!" बाई म्हणाल्या.

"छान!" मी म्हणालो. एवढंच म्हणण्याइतका श्वास होता.

बाकापुढे वाटेला दोन फाटे फुटत होते. पिवळी खूण दोन्हींवर होती. डावा फाटा उताराचा दिसला. मी डावा घेतला. पाऊण तास चाललो, एक ओढा दिसला, चढलो, आणि समोर बाक! मला फार बरं वाटलं. आपल्या विभागाने ठिकठिकाणी काय सोय केली आहे! अभिमानाने बसलो. बाकावर कुणाचा तरी डाव्या हाताचा मोजा पडला होता. माझाही डावाच हरवला होता. बिचारा, म्हटलं, समदुःखी.

पिकल्स आला. मागून बाई.

"अजून छानच का?" त्यांनी विचारलं.

"उत्तम!" मी म्हणालो.

त्या गेल्या. मी पुन्हा डावा उतार धरला. पुन्हा ओढा, पुन्हा चढ, पुन्हा बाक. मोजा तिथेच. या खेपेला मी तो घालून बघितला. नेमका बसला.

डोक्यात प्रकाश पडला. डावा फाटा म्हणजे शाळेच्या मुलांसाठी केलेलं आतलं छोटं वर्तुळ, फिरून बाकाशीच येणारं. मी दोनदा मुलांची सहल पूर्ण केली होती. मी बाकावर बसून हा विचार पचवत होतो, तोच पिकल्सने येऊन माझ्या बुटाचा वास घेतला.

या वेळी बाई 'छान दिवस' म्हणाल्या नाहीत. हळूच विचारलं, "घरी कुणी आहे ना तुमचं?"

"बायको आहे."

"तिला ठाऊक आहे, तुम्ही कुठे आहात ते?"

"मलाच आत्ता कळलं," मी म्हणालो.

त्यांनी पिशवीतून चीजचे दोन तुकडे काढले. एक पिकल्सला दिला, एक मला. पिकल्सला आधी.

त्या दिसेनाशा झाल्या. एक वाजला होता. आल्या वाटेने उतरलो असतो तर गाडीतळ अर्ध्या मैलावर होता. गोल वाट अशी सोयीची, की कुठूनही परत आलं तरी माणूस आलेलाच दिसतो. कुणाला कळणार? मी उठलो, दोन पावलं मागे टाकलीही. आणि मला मंगळवार दिसला: आर्लीन पुढे, लाइल तिच्या शेजारी, दोघांच्या काठ्या एका तालात, आणि खिडकीत मी.

मी वळलो आणि उजवा फाटा धरला.

त्या फाट्याबद्दल मी एवढंच नोंदवतो की ओढ्यावर आडवा टाकलेला ओंडका मी बसून ओलांडला, पुढचा उतार मी बसायचं ठरवलेलं नसतानाही बसून उतरलो, आणि जाकीट मागून उभं फाटलं. पण प्रत्येक पिवळी खूण मी हात लावून मोजली. बासष्ट भरल्या. बासष्टाव्या झाडाला मी मिठी मारली. अडीच वाजता झाडी संपली आणि मी उन्हात आलो.

गाडीतळावर आर्लीन उभी होती. शेजारी लाइल, हातात काठी, गळ्यात शिट्टी. तिने दोन तास वाट बघितली आणि मग शोधपथक बोलावलं होतं, आणि शोधपथक म्हणजे लाइल.

"पूर्ण फेरी?" तिने विचारलं.

"पूर्ण. शिवाय थोडी वरकड."

लाइलने काठी उचलून मला चक्क सलाम ठोकला. "सातवी? एकट्याने? व्हर्न, मी सातवीला जात नाही बाबा. ती कुणा येड्याने मध्यम म्हणून ठेवली आहे."

मी विनयाने मान खाली घातली. आर्लीनने माझ्या केसांतली पानं काढली आणि फाटक्या जाकिटाबद्दल चकार शब्द काढला नाही. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात हे प्रथमच घडलं. "मंगळवारी टोमॅटो सूप करू," ती म्हणाली. "थर्मास दोघांचा भरू." घरी येताना मी गाडीची काच खाली करून, थंडी असूनही, कोपर बाहेर काढून बसलो होतो. जिंकलेल्या माणसाला थंडी वाजत नाही.

सोमवारी मी अर्ज घेऊन जुन्या कचेरीत गेलो. खिडकीत डार्ला होती. तिला काम मीच शिकवलं, अकरा वर्षं.

"सुरुवातीचं ठिकाण, गाडीतळ," तिने वाचलं. "शेवटचं ठिकाण, गाडीतळ. म्हणजे व्हर्न, तू कुठेच गेला नाहीस."

"अगं, गोल वाट आहे ती!"

"नियम सात ब. सुरुवात व शेवट एकाच ठिकाणी असल्यास अर्जदार चालला असे गृहीत धरू नये. अर्जदारास वाटेत पाहिलेल्या साक्षीदाराचे लेखी निवेदन जोडावे. बाकीचे जोडीने जातात, एकमेकांचं लिहून देतात."

"हा नियम कुठल्या गाढवाने—"

डार्लाने कागद माझ्याकडे फिरवला. खाली सही होती. सुवाच्य.

काउंटीत पिकल्स नावाचा बीगल एकच. विल्मा बाई दहा मिनिटांत सापडल्या. त्यांनी आनंदाने निवेदन लिहिलं, पाकीट चिकटवून दिलं आणि मी ते न उघडता (नियमानुसार) खिडकीत दिलं. डार्लाने मोठ्याने वाचलं:

"मी अर्जदारांना सदर दिवशी सकाळी अकरा, दुपारी बारा व एक वाजता पाहिले. तिन्ही वेळा ते एकाच बाकावर बसलेले होते. स्वभावाने चांगले वाटले."

"मागे घेता येईल का?" मी विचारलं.

"एकदा जोडलेला कागद काढता येत नाही," डार्ला म्हणाली. "तूच शिकवलंस." आणि शिक्का मारला.

सद्यस्थिती: प्रकरण समितीपुढे आहे. समिती जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बसते. तोवर दर मंगळवारी आर्लीन आणि लाइल जोडीने जातात. टोमॅटो सूपचा थर्मास ठरल्याप्रमाणे दोघांचाच भरला जातो. तो मी भरतो.

अर्ज प्रलंबित आहे.