मंजूर सावली

कुठलीही इमारत आधी चित्रात उभी राहते आणि मग, जमल्यास, जमिनीवर. हे चित्र हुबेहूब असावं अशी सर्वांची अपेक्षा असते. हुबेहूब कशासारखं, हे विचारण्याची पद्धत नाही.

बिल्डरच्या कचेरीत संगणकावर अशी चित्रं करणाऱ्या गृहस्थाला सगळे थ्रीडी म्हणत. नव्या इमारतीचं त्यानं केलेलं चित्र बिल्डरनं मान वाकडी करून पाहिलं.

"चांगलंय. पण खरं वाटत नाही."

"साहेब, इमारतीचं तोंड उत्तरेला आहे. पुढच्या बाजूला ऊन येतच नाही, म्हणून मरगळलेली दिसते."

"मग सूर्य पुढे घे."

"उत्तरेला?"

"अरे, तुला नुसतं बटण दाबायचंय. सूर्याला ढकलायला कोण सांगतंय?"

थ्रीडीनं सूर्य उत्तरेला घेतला. बाल्कन्या लगेच उजळल्या. मग त्यानं कोपऱ्यात झाडाची एक फांदी आणली, काचांत ढग सोडले, भिंतीवर किंचित ओल दाखवली आणि पायरीवर एक वाळकं पान टाकलं, कारण थोडा मळ असल्याशिवाय स्वच्छता खरी वाटत नाही. तरी बिल्डरचं समाधान होईना. त्याला चित्रात माणूस हवा होता, आणि तोही तयार मिळणारा, लॅपटॉप घेऊन हसत चाललेला नको, घरातला वाटेल असा. थ्रीडीनं घरी जाऊन सासऱ्यांचा फोटो काढला आणि त्यांना इमारतीपुढच्या बाकावर, काठीसकट, गुडघ्यांवर ऊन घेत बसवून टाकलं.

आता चित्र इतकं खरं वाटू लागलं की थ्रीडीच्या बायकोनं त्याच इमारतीत घर घ्यायचा हट्ट धरला.

"अहो, बघा ना, बाबांच्या गुडघ्यांना कसं छान ऊन मिळतंय! डॉक्टर तरी दुसरं काय सांगतात?"

ते ऊन मी टाकलंय, असं थ्रीडी सांगणार होता. त्यासाठी त्यानं तोंडही उघडलं. पण चित्राकडे पुन्हा एकदा पाहिल्यावर त्यालाही वाटलं, असेल बुवा. राहतं घर विकून त्यानं पहिल्या मजल्यावरचं घर घेतलं.

इमारत बांधून झाली. ताबा मिळण्याआधी तपासणी अधिकारी मंजूर चित्राची रंगीत प्रत घेऊन आले. चित्र आणि प्रत्यक्ष यांत तफावत आढळल्यास दाखला रोखावा, असा नियम होता. वाळकं पान जागेवर होतं. बिल्डरनं ते सकाळीच डिंकानं चिकटवलं होतं. ओल तर न मागता आली होती, आणि चित्रापेक्षा सढळ हातानं.

"बाकावरचा ज्येष्ठ नागरिक?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

सासऱ्यांना गाडीत घालून आणण्यात आलं आणि बाकावर बसवण्यात आलं.

"यांची सावली?"

सगळ्यांनी खाली पाहिलं. चित्रात सासऱ्यांची सावली बाकामागे पडली होती. प्रत्यक्षात सासऱ्यांवरच अख्ख्या इमारतीची सावली पडली होती.

"ही सावली वाढीव आहे," अधिकारी म्हणाले, "आणि मंजूर सावली गायब आहे. सूर्य कुठंय?"

"मागच्या बाजूला, साहेब."

"कोणाच्या परवानगीनं?"

नोटीस काढायची तर सूर्याचा पत्ता हवा. अखेर बिल्डरनं रंगाऱ्याला बोलावून बाकामागच्या फरशीवर सासऱ्यांची सावली रंगवून घ्यायचं ठरवलं. काम चालू असताना सासरे हलू नयेत म्हणून थ्रीडी स्वतः त्यांचे खांदे धरून उभा राहिला.

"जावईबापू, गारठलो हो मी."

"मामा, जरा कळ काढा. एकदा दाखला मिळाला की ऊन येईल."

हे तो थट्टेनं म्हणाला नव्हता.

अधिकाऱ्यांनी टेप लावून सावली मोजली आणि शेरा मारला: "सावली समाधानकारक. माणूस हलवण्यास हरकत नाही."

मंडळी राहायला आली. सासरे रोज सकाळी शाल गुंडाळून बाकावर जाऊन बसतात आणि गुडघे पुढे करतात. मागच्या सावलीवर कोणी पाय देऊ नये, यासाठी वॉचमन नेमला आहे. अख्ख्या इमारतीचा दाखला तिच्यावर उभा आहे. एके दिवशी बाल्कनीतून वडिलांकडे पाहता पाहता बायकोनं विचारलं, "इथे ऊन येणार नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलणारच होतो गं. पण तेवढ्यात चित्र पाहिलं."

तिला रडू आलं. त्याला तर तेही जमेना.

शेजारच्या प्लॉटवर आता दुसरी इमारत होते आहे. तोंड उत्तरेलाच आहे आणि चित्रात ऊन आधीपेक्षा चांगलं आहे. तुम्ही पाहिलंत की परवा ते चित्र. पाहता पाहता कुठल्या बाल्कनीत कुंड्या ठेवायच्या आणि आईची खुर्ची कुठे टाकायची, हेसुद्धा ठरवून टाकलंत. उत्तर दिशा कुठली, एवढं विचारायचं मात्र राहून गेलं. ऊनच इतकं छान पडलं होतं.