ड्रायरसाहेबांची बढती

उंच जायचं तर अंगावर ओझं कमी असावं, हे तत्त्व गिर्यारोहकांपासून हमालांपर्यंत सर्वांना मान्य आहे. माणूस वाहतो त्या ओझ्यांत सगळ्यात निरुपयोगी म्हणजे दुसऱ्याचं दुःख. ते आपलं नसतं, त्याची हमाली मिळत नाही आणि खाली ठेवलं तर झोप लागत नाही. काही थोर माणसं ते मुळात उचलतच नाहीत, म्हणून भराभर वर जातात. लोक त्यांना निर्दय म्हणतात. (लोक खाली उभे असतात. खालून माणसाचे फक्त तळवे दिसतात.)

आमच्या लाँड्रीत हे मी डोळ्यांनी पाहिलं. आम्ही हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी धुतो. मी पाठवणी विभागात आहे. धुलाईचे प्रमुख होते मामा आणि इस्त्रीचे ड्रायरसाहेब.

मामा हे नाव पडलं, कारण त्यांना कोणीही मामा बनवू शकत असे. एका कामगाराची सासू एकाच वर्षात दोनदा वारली. मामांनी दुसऱ्यांदाही रजा दिली आणि वर विचारलं, "या खेपेला फार हाल नाही ना झाले त्यांचे?"

ड्रायरसाहेबांच्या केबिनमध्ये ओल्या डोळ्यांनी गेलेलं माणूस कोरडं होऊन बाहेर येई, म्हणून ते ड्रायर. घड्या घालणारी एक मुलगी वडील अत्यवस्थ आहेत म्हणून रजा मागायला गेली.

"तू डॉक्टर आहेस?"

"नाही, साहेब."

"मग जाऊन काय करणार?"

युक्तिवाद बिनतोड होता. वडीलही रजा मंजूर होण्याची वाट न बघता गेले.

चादरींना इस्त्री करणारा आमचा रोलर मोठा आहे. हात आत जाऊ नये म्हणून त्याच्या तोंडाशी लोखंडी जाळी असते. जाळीमुळे चादर सरकवायला वेळ लागतो, असं ड्रायरसाहेबांच्या लक्षात आलं आणि त्यांनी ती काढून ठेवली. काम वाढलं, मालकांनी पाठ थोपटली. मग एके दिवशी सकाळी चादरीबरोबर वहिनींचा उजवा हातही आत गेला. (वहिनी रोलरवर काम करत. सगळेच त्यांना वहिनी म्हणत.)

किंकाळी ऐकून मामा धुलाईतून ओल्या पायांनी धावत आले, लाल बटण दाबलं, वहिनींना उचलून चादरींच्या गाडीत घातलं आणि दवाखाना गाठला. भावनेच्या भरात त्यांना तीन गोष्टींचं भान राहिलं नाही. रोलर त्यांच्या विभागाचा नव्हता. गाडीत मोठ्या हॉटेलच्या चादरी होत्या. आणि बटण दाबण्याआधी त्यांनी कोणाला विचारलं नव्हतं.

ड्रायरसाहेबांचं डोकं मात्र थंड होतं. त्यांनी रोलर पुसून घेतला, वहिनींच्या जागी घड्या घालणाऱ्या मुलीला उभं केलं, भाड्याचा टेम्पो बोलावला आणि दुसऱ्या चादरी हॉटेलकडे रवाना केल्या. मालक धापा टाकत आले तेव्हा दवाखान्यातून मामांचा फोन आला.

"साहेब, अंगठा गेला. पण बाकी बोटं वाचतील म्हणतात."

"कोणाची?" मालकांनी विचारलं.

चौकशी समिती नेमली गेली. तिच्यात मालक होते, मालकांचे मेहुणे होते आणि रोलरची खडान्‌खडा माहिती असलेले म्हणून ड्रायरसाहेब होते. मामांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "जाळी काढलेली मला दिसत होती. दोनदा बोललो मी. तिसऱ्यांदा बोलायला हवं होतं. चुकलंच माझं."

समितीला हायसं वाटलं. चूक कबूल करणारा माणूस आयता मिळाल्यावर चूक करणारा शोधत बसणं, हा वेळेचा अपव्यय आहे. तरी निःपक्षपातीपणा म्हणून समितीने ड्रायरसाहेबांनाही विचारलं. ते म्हणाले, "कुठली जाळी?" या प्रश्नाचं उत्तर समितीकडे नव्हतं.

पुढे व्यवस्थापकाची जागा निघाली. मालक नुकतेच एका शिबिराला जाऊन आले होते आणि तिथे त्यांना लोकशाही आवडली होती. त्यांनी सगळ्यांना अंगणात जमवलं. दोन्ही उमेदवारांनी बोलायचं, आम्ही हात वर करायचे.

मामा म्हणाले, "मला कितपत जमेल, सांगता येत नाही. पण पहिल्यांदा जाळी बसवू."

चुळबुळ झाली. ज्याला स्वतःचीच खात्री नाही, त्याची खात्री आम्ही काय म्हणून बाळगायची?

ड्रायरसाहेब म्हणाले, "आपण पहिल्या नंबरावर जाणार. ज्यांना झेपत नाही त्यांनी आत्ताच दार बघावं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. हे शेजारच्याला उद्देशून आहे, अशी प्रत्येकाची समजूत झाली.

सगळे हात ड्रायरसाहेबांसाठी वर गेले. त्यात वहिनींचा डावा हातही होता. मी हळूच विचारलं, "वहिनी, तुम्हीसुद्धा?"

"मामा देवमाणूस आहेत हो," वहिनी म्हणाल्या. "पण हॉटेलवाला अंगावर आला, तर मामा त्यालाच बसा म्हणतील, पाणी देतील. दरडावणारा माणूस हवा."

"पण तो दरडावतो आपल्यालाच."

"माझं झालं ना आता दरडावून. पुढे दुसऱ्यांची पाळी."

मामांनीही ड्रायरसाहेबांसाठीच हात वर केला. "एक हात कमी पडला, तर वाईट वाटेल त्याला," म्हणाले. (माणसांची इतकी कमी पारख असलेला मनुष्य व्यवस्थापक झाला नाही, हे बरंच झालं.)

नव्या व्यवस्थापकांनी पहिल्याच दिवशी वहिनींना कमी केलं, कारण अपघातानंतर त्या घड्या घालत आणि अंगठ्याविना घड्या सावकाश होतात. वहिनी केबिनमध्ये गेल्या आणि कोरड्या होऊन बाहेर आल्या. मामांना मागच्या शेडमध्ये मळके कपडे निवडायला बसवलं. पुढे सगळ्या सह्या ड्रायरसाहेबांकडे गेल्या आणि मालकांनाही सल्लागार करण्यात आलं. सल्लागारांना केबिन नसते. ते हल्ली मामांशेजारच्या बाकावर बसतात, आणि मामा त्यांना आपल्या डब्यातलं देतात.

तुम्हाला आमचा राग आला असेल. विशेषतः वहिनींचा. येऊ द्या. राग ओसरला की एवढंच आठवून बघा, "माणूस चांगला आहे, पण…" हे वाक्य तुम्ही शेवटचं कोणाबद्दल बोललात आणि मग हात कोणासाठी वर केलात. ज्याच्याबद्दल बोललात, त्याला खुशाल भेटायला जा. तो रागावणार नाही. चहा करेल, खुर्ची पुढे सरकवेल आणि तुमची तब्येत विचारेल.

तुम्हाला तेव्हाही वाटेल, म्हणूनच हा मागे राहिला.